जुळ्यांचं बारसं आणि कपड्यांवर छापलेलं भविष्य

सुईदोरा

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या जुळ्यांचं बारसं झालं. एक मुलगी, एक मुलगा, सात मिनिटांचं अंतर. (मुलगी थोरली. हे त्यांच्या आत्याबाई सोडून सगळ्यांच्या लक्षात आहे.) पाहुणे पांगल्यावर आहेराच्या पिशव्या उपसायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पाकिटं बहिणीच्या सासूबाईंकडे गेली, चांदीचे वाळे कपाटात गेले आणि कपड्यांचा ढीग माझ्यापुढे.

जुळ्यांना लोक जोडीनं देतात, त्यामुळे एक गंमत झाली. एरवी मुलाचा टीशर्ट एका घरात असतो, मुलीचा फ्रॉक दुसऱ्या घरात. शेजारी शेजारी मांडून कोण बघतंय? इथे एकाच पिशवीतून दोन्ही निघत होते. अक्षरं छापलेल्या अकरा जोड्या निघाल्या. निळ्यावर 'फ्यूचर सीईओ', गुलाबीवर 'प्रिन्सेस इन ट्रेनिंग'. भगव्यावर 'छोटा मावळा', त्याच्या जोडीला झालरवाल्या फ्रॉकवर 'बाबांची परी'. एकावर 'ट्रबलमेकर', दुसरीवर 'टू क्यूट'. आणि मग ती जोडी निघाली जिच्यामुळे मी हा धागा काढतेय: मुलासाठी इंग्रजीत 'बाबासारखा हुशार', मुलीसाठी 'आईसारखी गोड'. आमची बहीण सीए आहे, पहिल्या फटक्यात पास झालेली. जावईबापूंना तिसऱ्या खेपेला गुलाल लागला. (ते इथे वाचत असतात. जावईबापू, रागावू नका, तुम्ही गोड आहातच.)

ढीग दोन बाजूंना लावला तेव्हा लक्षात आलं. मुलाच्या बाजूला तो काय करणार, काय होणार, किती धुमाकूळ घालणार. मुलीच्या बाजूला ती कशी दिसते आणि कुणाची आहे. अकरांत एकच जोडी सारखी होती: पिवळी, बदकं आणि खाली 'क्वॅक'.

बहिणीला दाखवलं तर म्हणाली, "ताई, तीन महिन्यांत आखूड होतील. घाल आणि सोड." मी जास्त विचार करतेय का? तुमच्याकडे काय काय आलं होतं?

चहाबाज

घ्या, आता झबल्यांवरही धागा! बाळ दूध पितं, शी करतं, झोपतं. स्लोगन वाचत नाही. आपल्याकडे मुली जन्माला येऊ देत नव्हते, तो खरा प्रश्न. हे म्हणजे पोट भरल्यावरचे उद्योग.

मोगरा_आणि_मिरची

+१ सुईदोरा. आमच्याकडे लेकीला एकूण नऊ 'परी' आल्या. बाबांची परी, मामाची परी, आजोबांची परी. आईची कुणीच नाही. नऊ महिने वाहिली मी.

पमा_परदेशी

सुईदोरा, तुमच्या मांडीवर जे झालं तेच २०११ मध्ये फ्रान्समध्ये झालंय. तेव्हा मी इथे नवीन होते आणि फ्रेंच विशेषणं पाठ करत होते, म्हणून पक्कं लक्षात आहे. 'पती बातो' हा इथला बाळांच्या कपड्यांचा जुना, घराघरांतला ब्रँड. त्यांनी तान्ह्या बाळांचे बॉडीसूट काढले, छातीभर विशेषणांची यादी. मुलींसाठी गुलाबी अक्षरांत सुंदर, हट्टी, गंमतीदार, गोड, खादाड, नखरेल, प्रेमात पडलेली, गोंडस, ऐटदार, देखणी. मुलांसाठी निळ्या अक्षरांत धाडसी, बळकट, अभिमानी, शूर, दणकट, चतुर, कुशल, निश्चयी, खोडकर, कूल.

सहा महिन्यांचं पोर 'निश्चयी' म्हणजे नक्की काय करतं, कुणास ठाऊक. आणि सहा महिन्यांची मुलगी 'प्रेमात पडलेली'! यादीत 'सुंदर' आणि 'देखणी' दोन्ही आहेत बघा. शब्द संपले, दिसणं संपलं नाही. लोकांनी इंटरनेटवर चांगलीच खरडपट्टी काढली.

माझा फायदा एवढाच झाला की दहा स्त्रीलिंगी आणि दहा पुल्लिंगी विशेषणं परीक्षेपुरती तोंडपाठ झाली.

कोकणफणस

पमाताईंनी लिंगाचा विषय काढलाच आहे तर थोडं अवांतर. आपल्या मराठीत बघा: ते बाळ, ते मूल, ते लेकरू, ते पोर, ते पिल्लू. सगळी नपुंसकलिंगी. त्याच्या अंगावरचंही तसंच: झबलं, टोपडं, दुपटं, अंगडं. (कुंची तेवढी ती.) म्हणजे भाषेनं या मंडळींना निदान दात येईपर्यंत मोकळं सोडलेलं होतं. आपण 'लाडका' की 'लाडकी' छापतो तेव्हा पहिल्यांदा पाटी लागते. इंग्रजी स्लोगनला निदान लिंगाची भानगड नाही. मराठीत 'आजोबांचं लाडकं' छापलं तर एकच झबलं दोघांना चालेल की!

प्रिंटवाले_पाटील

फणसराव, 'लाडकं' छापून बघितलंय. विकलं गेलं नाही. गिऱ्हाईक दोन मिनिटं बघतं आणि विचारतं, "मुलाचं दाखवा ना."

मी याच धंद्यात आहे म्हणून आतली बाजू सांगतो. कोरा होजिअरी माल तिरुप्पूरहून येतो, सोळा-अठरा-वीस नंबरांत, डझनावर. आधी स्क्रीन प्रिंटिंग होतं. त्यात प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते, ती परवडायची तर एका डिझाइनचे शे-दोनशे नग काढावे लागायचे. आता डीटीएफ आलंय. फिल्मवर छापायचं, वर गोंदाची पावडर, गरम प्रेसखाली दहा-पंधरा सेकंद, झालं. एक नगसुद्धा निघतो. 'पाटलांचा वाघ', 'मामाचा राजा भाचा' वगैरे मराठी माल त्यामुळेच एवढा वाढला.

स्लोगन कोण ठरवतं विचाराल तर कुणीच नाही. इंटरनेटवरून फायली येतात, शंभरच्या गठ्ठ्यात. फोल्डरची नावंच 'बॉय' आणि 'गर्ल'. बॉयच्या फोल्डरमध्ये गाडी, वाघ, बॉस, मिशा. हो, तान्ह्या पोराला मिशा, तो माल तुफान चालतो. गर्लमध्ये मुकुट, पंख, पापण्या. आम्ही उघडतो, दाबतो, छापतो. आणखी एक साधी गोष्ट: मुलींच्या फ्रॉकला छातीवर योक असतो, झालर असते, बो असतो. अक्षरांना जागाच चार बोटं. तिथे 'परी' मावतं, 'भावी शास्त्रज्ञ' मावत नाही.

मोगरा_आणि_मिरची

पाटील, 'भावी सीईओ' बॉसच्या टीशर्टावर मावतं ना? तोच टीशर्ट गुलाबी कापडाचा करा. जागेचं कारण सांगू नका हो :)

प्रिंटवाले_पाटील

पकडलंत. बरोबर आहे.

अक्का_सातारकर

चहाबाज, तुम्ही खरा प्रश्न म्हणालात, तर मी साताऱ्याची. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ होत्या. त्याच २०११ च्या ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात नामकरणाचा कार्यक्रम झाला, २८५ मुलींचा. त्या तान्ह्या नव्हत्या, शाळेत जाणाऱ्या, काही तर लग्नाला आलेल्या. नाव काय होतं त्यांचं? नकुशा. तिसरी-चौथी मुलगी झाली की ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल.

आमच्या वर्गात होती एक. हजेरीला बाई हाक मारायच्या, "नकुशा." ती म्हणायची, "हजर." रोज. दहा वर्षं. कुणाला काही वाटायचं नाही, मलाही वाटलं नाही. नावच होतं ते.

तेव्हा लहानपणी अंगावर चिकटवलेल्या शब्दानं काय होतं, हे तुम्ही मला सांगू नका. तिच्या अंगावरचा कपडा आखूड झाला तरी तो शब्द आखूड झाला नाही. आणि 'परी' म्हणजे 'नकुशा' असं मी म्हणत नाहीये. परी लाडानं म्हणतात, फरक आहे. पण दोन्हींत आपली हौस आपण तिच्यावर लिहितो, हे तेच.

चहाबाज

अक्का, हे माहीत नव्हतं. म्हणजे बातमी वाचली होती, हजेरीचं डोक्यात आलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की क्रम लावावा.

डॉ_वेखंड

बालरोगतज्ज्ञ. दोन गोष्टी, पहिली आधी. लहान बाळाच्या छातीवर जाड रबरासारखा प्रिंट असेल तर तिथून हवा खेळत नाही, उन्हाळ्यात बरोब्बर त्याच आकाराचं घामोळं उठलेलं मी पाहिलंय. स्लोगन काहीही असो, आत हात घालून कापडाची उलटी बाजू चाचपून घ्या. धुवून मगच घाला.

दुसरी. चहाबाज म्हणतात ते बरोबर, बाळ वाचत नाही. पण वाचणारे आपण असतो ना. १९७६ मध्ये अमेरिकेत कॉन्ड्री दांपत्यानं एक प्रयोग केला होता. नऊ महिन्यांच्या बाळाची एकच फीत दोनशेवर लोकांना दाखवली. डब्यातून उडी मारणारं खेळणं समोर येतं आणि बाळ रडतं. अर्ध्यांना सांगितलं मुलगा आहे, अर्ध्यांना सांगितलं मुलगी. मुलगा समजणाऱ्यांना ते रडणं जास्त करून राग वाटलं, मुलगी समजणाऱ्यांना भीती. बाळ तेच, फीत तीच. आता मला सांगा, रागावलेल्या बाळाला आपण कसं घेतो आणि घाबरलेल्या बाळाला कसं घेतो?

आणि मुलांचं काय? माझ्याकडे चौदा आठवड्यांच्या लशीला एक बाळ आलं होतं. अंगात टीशर्ट, त्यावर इंग्रजीत 'मुलगे रडत नाहीत'. मांडीत सुई गेल्यावर जे करायचं तेच त्यानं केलं, अख्खं वेटिंग हललं. वडील त्याला खांद्यावर थोपटत म्हणत होते, "ए वाघा, रडतोस काय, वाघ आहेस ना तू." आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी. मी टीशर्टकडे बघून काही बोलणार होतो, पण त्यांच्याकडे बघून गप्प बसलो.

मुलींच्या यादीत 'हुशार' नाही हे तुम्हाला खटकतं. मला मुलांच्या यादीत 'मायाळू' कधी दिसलं नाही.

टेम्सकाठ

इंग्लंडातून. इकडे यावर बरीच वर्षं वाद चाललाय. २०१६ मध्ये गॅप या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत मुलाला आइन्स्टाइनच्या चेहऱ्याचा टीशर्ट आणि 'छोटा विद्वान' ही पदवी, शेजारी मुलगी 'सोशल बटरफ्लाय', म्हणजे चार लोकांत मिरवणारी. कळस म्हणजे टीशर्टवर आइन्स्टाइनचं स्पेलिंगच चुकलेलं! विद्वानाचीच विकेट. अमेरिकेत त्याआधी २०११ मध्ये जेसी पेनी या दुकानांच्या साखळीनं मुलींचा टीशर्ट काढला होता: मी इतकी सुंदर आहे की गृहपाठ माझा भाऊ करतो, अशा अर्थाचा. आरडाओरडा झाल्यावर मागे घेतला. २०१३ मध्ये दुसऱ्या एका साखळीच्या टीशर्टवर 'माझे आवडते विषय': खरेदी, संगीत, नाच यांपुढे बरोबरची खूण, गणितापुढे रिकामा चौकोन. तोही गेला.

२०१७ मध्ये जॉन लुइस या इथल्या दुकानांच्या साखळीनं स्वतःच्या मुलांच्या कपड्यांवरून 'बॉइज' आणि 'गर्ल्स' अशी वेगळी लेबलंच काढली, दोन्ही नावं एकत्र छापली. तेव्हा काही लोक असे चिडले, जणू उद्यापासून सगळ्यांना साडी सक्तीची.

पण मला खरी उत्सुकता भारताची आहे. इथे विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी सांगतात. की लगेच खरेदी सुरू, बाळ जन्मायच्या आत कपाट एकरंगी. अमेरिकेतल्या जो पाओलेट्टी या प्राध्यापकबाईंनी मुलांच्या कपड्यांच्या इतिहासावर आयुष्य घातलंय. त्या म्हणतात, ऐंशीच्या दशकात बाळंतपणाआधी लिंग कळायला लागलं, आणि गुलाबी-निळ्याची फाळणी घट्ट व्हायला त्यानं मोठा हात लावला. त्याआधी चित्र वेगळंच होतं. अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकानं १९१८ मध्ये उलटा नियम दिला होता: गुलाबी ठसठशीत म्हणून मुलांना, निळा नाजूक म्हणून मुलींना! भारतात तर सांगायलाच बंदी. मग तिकडे काय होतं?

सुईदोरा

टेम्सकाठ, हे भारी आहे. ती पिवळी बदकांची जोडी बहिणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं आठव्या महिन्यातच घेऊन ठेवली होती! तिला जुळी आहेत एवढंच माहीत होतं. म्हणजे १९९४ च्या गर्भलिंगनिदानाच्या कायद्यानं बदकं वाचवली म्हणायची. दवाखान्याच्या बॅगेतलं सगळं पांढरं, पिवळं, पोपटी होतं. निळं-गुलाबी सुरू झालं ते बाराव्या दिवसापासून.

प्रिंटवाले_पाटील

अगदी. आमच्याकडे 'न्यू बॉर्न' रॅकवर पिवळा-पांढरा-हिरवा. आणि स्लोगनचा माल 'गिफ्ट'च्या रॅकवर. कधी विचार केला नव्हता की का.

माई_७२

नमस्कार. नातीनं मोबाईलवर मराठी टाइप करायला शिकवलं, चुका पोटात घाला.

आमच्या वेळी बाळंतपणाआधी नवीन काही आणायचंच नाही, अशी रीत. पहिलं झबलं जुन्या धोतराचं नाहीतर मऊ झालेल्या लुगड्याचं, आणि ते सुद्धा कुणाच्या तरी पोरानं वापरलेलं. माझ्या तिघांनी माझ्या दिराच्या पोरांची झबली घातली, मुलगा-मुलगी काही नाही. नवसाचा मुलगा असला तर उलट त्याचं नाक टोचायचे, नथ घालायचे, परकर नेसवायचे. दृष्ट लागू नये म्हणून. म्हणून तर नथू, आणि धोंडू, दगडू, केरू. पोरगं मौल्यवान आहे हे लपवायचं असायचं. आता छातीवर छापून मिरवतात. (लपवायचे ते मुलाचं हे पण खरं. मुलीला कोण दृष्ट लावतंय.)

आणि एक कबुली. मागे आठवडी बाजारातून नातवाला एक छान लाल टीशर्ट आणला. अक्षरं सोनेरी, चमचम. वर्षाचा होता. महिनाभर घातला, देवळात नेला, लग्नात नेला. मग मोठ्या नातीनं वाचून दाखवलं. अर्थ असा की तुमच्या मुलींना घरात कोंडून ठेवा, मी आलोय. मला कापरं भरलं. कीर्तनाला पहिल्या रांगेत घेऊन बसले होते हो मी त्याला. आता तो टीशर्ट देव्हाऱ्याची पितळ घासायला आहे. सोनेरी अक्षरं अजून गेली नाहीत.

मोगरा_आणि_मिरची

माईऽऽऽ :D :D कीर्तनकारांनी वाचलं असेल का?

माई_७२

बुवांना इंग्रजी येतं. म्हणूनच तर.

चहाबाज

माईंनी जिंकलं, मी शरण. जाता जाता एक शंका: मुलाला पेढे, मुलीला बर्फी किंवा जिलबी हे पण याच धाग्यात घ्यायचं का?

कोकणफणस

घ्या की. ऑफिसात बॉक्स उघडायच्या आधी लोक आकारावरून ओळखतात. मी लेकीच्या वेळी पेढे वाटले तर तिघांनी "अभिनंदन, मुलगा!" म्हणून हात मिळवला. चौथ्याला मी काजूकतली सांगितली होती, तो दोन्हींकडून गोंधळला.

पमा_परदेशी

पेढ्यांसाठी वेगळा धागा काढा, नाहीतर हा दोनशे प्रतिसाद जाईल. मला एक विचारायचंय. कायद्यात किंवा जाहिरातींच्या नियमांत यावर काही आहे का तिकडे? ब्रिटननं २०१९ मध्ये घातक साचेबंद चित्रण असलेल्या जाहिरातींवर बंदी आणली.

टेम्सकाठ

भारतातही 'एएससीआय' या जाहिरातक्षेत्राच्या संस्थेनं २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण ती जाहिरातींसाठी. झबलं ही काही जाहिरात नव्हे, त्यामुळे तिथे लागू नाहीत. खरं तर माझ्या मते झबल्याला कायदा लागूही नये. माईंचं घासायचं फडकं पुरे.

अक्का_सातारकर

बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. चित्र छोटंसं आहे. माझ्या वर्गातल्या पोरांनी त्यावर काय विचारलं असेल? "बाई, त्याची आई आजारी आहे का?" तेव्हा एका चित्रानं लगेच काही होत नाही. पण पुढच्या वर्षीच्या पोरांनी विचारलं नाही. त्यांनी भाजी कुठली आहे ते विचारलं.

सुईदोरा

अपडेट. मी आणि बहिणीनं काल एक उद्योग केला. कपडे अदलाबदल. थोरलीला 'ट्रबलमेकर' आणि धाकट्याला 'टू क्यूट', आणि दोघांना घेऊन खाली बागेत. डॉक्टर, तुमचा १९७६ चा प्रयोग आमच्या सोसायटीच्या बाकावर अर्ध्या तासात पार पडला.

तळमजल्यावरचे एक काका आले. थोरलीला उचललं, वर उडवलं, झेललं, "काय रे बंड्या, त्रास देतोस का आईला?" ती खिदळली. धाकटा शेजारी पाय झाडत होता, त्याला पण वर जायचं होतं. काकांनी त्याच्या गालाला एक बोट लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "किती नाजूक आहे गं ही." नाजूक? आमचा धाकटा थोरलीपेक्षा साडेसहाशे ग्रॅमनी जास्त भरतो!

बहिणीनं सांगितलं की ती मुलगी आहे. काकांचे हात जे वर होते ते तसेच खाली आले. सावकाश. मग दोन्ही हातांनी, काच ठेवावी तशी तिला प्रॅममध्ये ठेवली. ती रडायला लागली. राग होता तो, डॉक्टर. मी लिहून देते.

बहीण घरी आल्यावर काही बोलली नाही. रात्री दहा वाजता तिचा मेसेज आला, "ताई, ते प्रिंटवाले पाटील एक नग पण छापतात म्हणालीस ना?"

प्रिंटवाले_पाटील

छापतो. दोन नग असतील तर घामोळ्याचं लक्षात ठेवून पातळ प्रिंट करू, लहान अक्षरं, पाठीवर नको, छातीच्या वरच्या बाजूला. मजकूर पाठवा.

कोकणफणस

माझे सुचवणे: 'हात धुऊन घ्या'. 'आत्ताच पाजलंय, उडवू नका'.

माई_७२

'बेल वाजवू नका, झोपलंय.'

डॉ_वेखंड

'पापे घेऊ नका, डॉक्टरांनी सांगितलंय.' माझ्या दवाखान्याबाहेर वीस नग खपतील.

सुईदोरा

माईंचं मंजूर! दोन नग, पिवळे, अठरा नंबर. पाटील, दोघांना एकच.

प्रिंटवाले_पाटील

झालं, फाईल बनवली. बघून घ्या: 'बेल वाजऊ नका, झोपलय'

अक्का_सातारकर

पाटील! वाजवू. आणि 'झोपलंय'वर अनुस्वार द्या.

टेम्सकाठ

आइन्स्टाइनची आठवण झाली.